सामायिक हवा

माझ्या कामाची सुरुवात केबल ओढण्यापासून झाली. डिप्लोमा संपला आणि पुण्यातल्या एका लहान नेटवर्किंग फर्ममध्ये लागले. हातात क्रिंपिंग टूल, खांद्याला ड्रिल मशीनची पिशवी आणि डोक्यात आठ तारांचा क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्रम चुकला तर टेस्टरवरचे दिवे ओळीने लागत नाहीत, आणि दिवे लागले नाहीत तर ग्राहक पैसे देत नाही. एका दमात शंभर मीटरच्या पुढे केबल न्यायची नाही, विजेच्या वायरिंगला खेटून न्यायची नाही, कोपऱ्यावर तिला मुडपायची नाही, हे नियम अंगवळणी पडले. संध्याकाळी केसांत विटांचा भुगा घेऊन घरी जायचे, पण केलेलं काम भिंतीवर दिसायचं याचं समाधान मोठं होतं.

केबलचा एक गुण मात्र वायरलेसचं काम हातात आल्यावरच मला उमगला. केबल न बोलता बरंच काही ठरवून टाकते. नेटवर्कमध्ये कोण आहे? ज्याच्या टेबलापर्यंत केबल गेली तो. किती जण आहेत? स्विचला जितकी पोर्ट, तितके. नेटवर्क कुठे संपतं? केबल संपते तिथे. ही सगळी उत्तरं खिळे ठोकून भिंतीवर पक्की केलेली असतात. वायरलेसने ते खिळे उपटले. त्यातून मिळालेलं सुख खरंखुरं आहे, मी ते जवळून पाहिलं आहे. आणि त्याबरोबर आलेले धोकेही त्याच एका गोष्टीतून आलेले आहेत. सुख आणि धोका एकाच मुळातून फुटतात, हे कामातून जसं कळत गेलं तसं इथे मांडते आहे.

इंटेलने २००३ मध्ये सेंट्रिनो या नावाखाली वायफायची सोय लॅपटॉपच्या आतच द्यायला सुरुवात केली. तोवर बहुतेक लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत वेगळं कार्ड घालावं लागायचं. आपल्याकडे खरा रस्ता मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं वापरायला परवाना लागणार नाही, अशी अधिसूचना केंद्र सरकारने काढली. त्याच महिन्यात बीएसएनएलचं ब्रॉडबँडही सुरू झालं. २००४ च्या सरकारी धोरणानुसार २५६ केबीपीएस वेग मिळाला की ते ब्रॉडबँड! आज हा वेग ऐकून मुलं चमकतात, पण डायल-अपच्या किणकिणाटात दिवस काढलेल्या आम्हाला ती चैन वाटायची. आमच्या फर्ममध्ये वायफाय राउटरची मागणी हळूहळू येऊ लागली आणि ते काम सीनियरनी माझ्याकडे सोपवलं.

त्या सुरुवातीच्या कामांमधला एक छापखाना मला आजही स्पष्ट आठवतो. शुक्रवार पेठेतला जुना वाडा, खाली छपाई, माडीवर कार्यालय. टेलिफोनची जोडणी होती ती आतल्या माजघरात, जिथे दुपारी बारालाही दिवा लावावा लागे. मुद्रितं तपासणाऱ्या एक वयस्क बाई तिथे संगणकासमोर बसून लेखकांकडून ई-मेलने आलेल्या दुरुस्त्या बघत. मालकांनी मला दारातच सांगितलं, "अगं, ड्रिल पिशवीतून काढूच नकोस. या भिंतीला भोक पाडायचं नाही." मग राउटर माडीच्या लाकडी तुळईवर बसवला आणि बाई लॅपटॉप घेऊन चौकाच्या कडेला, ओसरीवर आल्या. वरून मोकळा उजेड पडत होता. त्यांनी चष्मा पुसला, दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "ऱ्हस्व-दीर्घ उजेडात बघायचे असतात ग. अंधारात सगळ्या वेलांट्या सारख्याच." माणसाने तारेपाशी जाऊन बसायचं ही सक्ती त्या दिवशी तिथे संपली. काम जिथे चांगलं होतं तिथे नेट आलं. वायरलेसचं पहिलं सुख मला विचाराल तर हेच.

त्याच वाड्यात त्याची मर्यादाही दिसली. माडीवरून लाकडी तक्तपोशीतून सिग्नल खाली सहज उतरत होता, पण ओसरीला लागूनच असलेल्या, दगडमातीच्या जाड भिंतीपलीकडच्या खोलीत काहीच पोचत नव्हतं. अंतर अवघं दहा-बारा फूट! तेव्हापासून मी कुठल्याही वास्तूत शिरले की आधी ती कशाची बांधली आहे ते बघते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. लाकूड, काच, जिप्समचं पार्टिशन तिला फारसं अडवत नाही. विटेची भिंत थोडं खाते, दगडाची जाड भिंत पुष्कळ खाते, आरसीसीच्या स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी तर तिचा बराचसा भाग परत पाठवते. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हेही तसेच. आणि पाणी तिला शोषून घेतं. पाण्याची टाकी तर झालीच, पण माणसाच्या शरीरातही बहुतेक पाणीच असतं. रिकाम्या सभागृहात तपासलेलं वायफाय कार्यक्रमाच्या दिवशी खच्चून भरलेल्या सभागृहात ढेपाळतं ते म्हणूनच. घरोघरी राउटर टीव्हीच्या कपाटात नाहीतर फ्रिजच्या मागे दडवलेला असतो, कारण तो शोभत नाही. मी सांगते, देव्हाऱ्यासारखा कोपरा नको, घराच्या मध्यावर, उंचावर, उघडा ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ अधिक खोल आहे. केबलमध्ये प्रत्येकाला स्वतःची वाट असते. हवेत सगळ्यांना मिळून एकच वाट. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. या कोड्याशी पहिला गंभीर मुकाबला झाला तो हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अलोहानेट सुरू केलं आणि वेगवेगळ्या बेटांवरून मुख्य संगणकाशी रेडिओवरून संपर्क साधता येऊ लागला. नियम साधा होता: सांगायचं असेल तेव्हा सांगा, दोघांचं एकदम बोलणं झालं आणि संदेश धडकून फुटला तर थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवा. गणित केल्यावर दिसलं, की या मोकळ्या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वापर सत्कारणी लागतो, बाकीचा टकरीत आणि रिकाम्या वेळात जातो. वायफाय त्याच घराण्यातलं, पण एक शिस्त पुढे. आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तरच बोलायचं. तरीही गर्दी वाढली की प्रत्येकाचा जास्त वेळ वाट बघण्यातच जातो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते अंगावर आलं एका मुलींच्या वसतिगृहात. परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायची मुदत जवळ आलेली, आणि रात्री नऊ वाजले की तीनही मजल्यांवर एकच ओरड: "ताई, रेंज फुल आहे, पण नेट चालत नाहीये!" व्यवस्थापनाने कंपनीकडून दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला. काही फरक पडला नाही. प्रत्येक मजल्यावर एकेक ॲक्सेस पॉइंट वाढवला, तर अवस्था आणखी बिघडली. मला बोलावलं तेव्हा मी मधल्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून लॅपटॉपवर स्कॅन लावलं. पडद्यावर नावांची रांगच्या रांग आली. वसतिगृहाचे पॉइंट, शेजारच्या इमारतींचे राउटर, मुलींनी खोल्यांमध्ये आपापले आणून लावलेले छोटे राउटर, शिवाय फोनचे हॉटस्पॉट. बहुतेक सगळे एकमेकांच्या चॅनेलवर चढलेले.

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जेमतेम ८३ मेगाहर्ट्‌झ रुंद आहे. चॅनेलचे आकडे तेरापर्यंत दिसतात, पण एकेक चॅनेल २० मेगाहर्ट्‌झ जागा घेतं आणि लागोपाठच्या दोन चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ चं. एकमेकांत न घुसणारी चॅनेल म्हणून तीनच धरायची: १, ६ आणि ११. कोणी 'जरा रिकामं दिसतंय' म्हणून चारवर गेलं, की ते एक आणि सहा या दोघांनाही त्रास देतं. त्यात आणखी एक मेख असते. जुना, सावकाश चालणारा एखादा फोन तेवढीच माहिती पाठवायला कितीतरी पट जास्त वेळ हवा अडवून ठेवतो आणि वेगवान फोनवाल्यांनाही त्याच्या चालीने चालावं लागतं. फोनवरच्या चार काड्या यातलं काही सांगत नाहीत. राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठ्याने येतो एवढंच त्या सांगतात. तुमची पाळी केव्हा येईल, आणि राउटरच्या पुढची लाइन चालू आहे की बंद, हे त्यांना ठाऊकच नसतं.

माझं आजोळ धुळ्याकडचं. तिथे पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत चालत आलेली आहे. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पाटाचं पाणी पाटकरी सोडेल त्या क्रमाने घ्यायचं, टोकाच्या शेताचंही भिजणं झालं पाहिजे याची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची. वसतिगृहाच्या जिन्यात उभी असताना मला तो पाटकरी आठवला. इथे पाणी होतं, शेतं होती, पाटकरी तेवढा नव्हता.

रेक्टर बाई आणि प्रत्येक मजल्याच्या दोन-दोन मुली अशी बैठक घेतली. हवा सगळ्यांची मिळून आहे, हे त्यांना स्कॅन दाखवूनच सांगितलं. मुलींनी स्वतःचे राउटर स्वतःहून काढून दिले. ॲक्सेस पॉइंटची शक्ती आम्ही वाढवली तर नाहीच, उलट कमी केली, म्हणजे प्रत्येकाचा आवाज आपापल्या टापूतच राहील. चॅनेल १, ६, ११ अशी मजल्यांवर वाटून दिली. अगदी सावकाश जुने वेग बंद केले. ज्या फोनना जमत होतं त्यांना ५ गिगाहर्ट्‌झवर नेलं, तिथे जागा ऐसपैस असते, शिवाय ती लहर भिंतींपुढे लवकर दमते हा इथे फायदाच ठरतो. नवीन उपकरण एकही विकत घेतलं नाही. फॉर्म भरून झाले. व्यवस्थापनाला नवल वाटलं ते याचं, की आवाज कमी केल्यावर ऐकू जास्त येऊ लागलं. मला त्या कामाने शिकवलं ते असं: हवेतल्या नेटचा वेग विकत आणता येतो तो दारापर्यंतच. दाराच्या आत तो एकमेकांना जागा देऊनच मिळवावा लागतो.

गर्दी ही वायरलेसची एक बाजू झाली. दुसरी बाजू सुरक्षिततेची, आणि ती महाराष्ट्राने फार कठीण प्रसंगातून शिकलेली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता. त्याचा माग काढत तपासयंत्रणा पोचली ती नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांची चौकशी झाली, संगणक ताब्यात गेले, आणि पुढे आलं ते असं, की त्यांचं वायफाय उघडं होतं आणि ते भलत्याच कोणी वापरलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत असेच मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. पाठवणाऱ्याला कुठल्याही घरात शिरावं लागलं नाही, कुलूप तोडावं लागलं नाही. भिंतीच्या बाहेर उभं राहणं पुरेसं होतं.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथकं लॅपटॉप घेऊन रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधू लागली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या, की ग्राहकांची वायफाय सुरक्षित करून द्या आणि वापरणाऱ्यांची ओळख राहील अशी व्यवस्था करा. त्या काळात आमच्याकडे कामाची रीघ लागली. मी घरोघर जाऊन पासवर्ड बसवत होते. बहुतेकांचा प्रश्न एकच असायचा: "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" ते प्रामाणिकपणे विचारत असत. मी सांगायचे, तुमचं काही चोरीला जाईल ही भीती वेगळी. इथे तुमच्या नावाने दुसरा कोणी बोलेल, आणि ते तुम्ही बोललात असं जगाला दिसेल. केबलच्या काळात हे काम इमारतीचं दार करत होतं. आता ते पासवर्डला करावं लागतं, आणि पासवर्ड माणसाला जपावा लागतो.

पासवर्ड होता म्हणून निभावलं असंही नसे. वायफायचं सुरुवातीचं कुलूप डब्ल्यूईपी. त्यातली मूळची कच्ची जागा संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिली होती आणि पुढे ते काही मिनिटांत उघडणारी साधनं कोणालाही मिळू लागली. तरीही कित्येक वर्षं लोकांच्या राउटरवर तेच चालू असायचं, कारण राउटर 'चालतोय ना' मग त्याला हात कशाला लावा! २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं, २०१७ मध्ये त्यातही फट सापडली, दुरुस्त्या निघाल्या, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आलं. कुलूप एकदा लावून विसरायची वस्तू हवेत नाही. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करणं, कंपनीकडून आलेला ॲडमिन पासवर्ड बदलणं, पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवणं, ही कामं मी दरवेळी ग्राहकाच्या हातून करवून घेते. मी करून दिली तर ती माझ्याबरोबर निघून जातात.

सार्वजनिक वायफायचं सुख मी मनापासून मानते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगलचं मोफत वायफाय सुरू झालं आणि पुढे देशभरातल्या चारशेहून अधिक स्थानकांवर ते पोचलं. डेटा महाग होता त्या दिवसांत, फलाटाच्या बाकावर बसून स्पर्धा परीक्षेचे पेपर डाउनलोड करणारी मुलं मी पुणे स्थानकावर पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरची निवांत एकाग्रता बघून या धंद्यात असल्याचा अभिमान वाटायचा. पण त्याच बाकावर ज्या नावाचं नेटवर्क दिसतं ते खरोखर स्थानकाचंच आहे, की शेजारी बसलेल्या कोणी तेच नाव देऊन उघडलेलं, हे फोन सांगू शकत नाही. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक साधन आलं होतं. उघड्या वायफायवर शेजारच्याचं लॉगिन उचलून त्याच्या खात्यात शिरणं त्याने एका क्लिकवर आणून ठेवलं. त्याने हादरून मोठ्या संकेतस्थळांनी सगळा व्यवहार सांकेतिक करायला घेतला. आज ब्राउझर वाटेतलं बहुतेक बोलणं झाकून नेतो, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी 'सर्टिफिकेट बरोबर नाही' असा इशारा आला की तिथेच थांबावं, आणि पैशांचे व्यवहार स्वतःच्या मोबाइल डेटावर करावेत, हे मी घरातल्यांना बजावून सांगते.

शहरातली ही कामं करता करता मला डोंगराकडे जायला मिळालं, आणि वायरलेसची खरी थोरवी तिथे कळली. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर आली तरी तिच्या वाड्या-वस्त्या दरीपलीकडे असतात. तिथवर खांब रोवत, खडक फोडत केबल न्यायची म्हटलं तर वस्तीची लोकसंख्या बघून कोणीच तयार होत नाही. हवा मात्र दरी ओलांडते. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने हे पालघर जिल्ह्यात करून दाखवलं. आधी खामलोलीच्या आसपासच्या सात खेड्यांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर प्रयोग केला, मग ५.८ गिगाहर्ट्‌झवर आणखी गावं जोडली. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ जागा परवान्याशिवाय, घराबाहेरही वापरायला मोकळी केली. आमच्यासारख्या लहान माणसांना त्या अधिसूचनेने डोंगर खुले केले.

वेल्ह्याकडच्या एका वाडीच्या शाळेला नेट द्यायचं होतं. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक डिश अँटेना, दरीपलीकडे शाळेच्या पत्र्यावर पोल ठोकून दुसरी. सरळ रेषेत अंतर चार-पाच किलोमीटर. नुसतं समोर दिसून भागत नाही. दोन अँटेनांच्या मधोमध लहरीला चहूकडून साधारण आठ मीटर मोकळी जागा लागते, त्यातला बराचसा भाग झाडांपासून आणि टेकाडापासून सुटा असावा लागतो. मे महिन्यात पाहणी करून लिंक उभी केली आणि आषाढात ती बसली, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव. पाऊस तिला फारसा पाडत नाही. पाडतात ती पावसाने भरभरून आलेली आणि भिजलेली पानं. म्हणून वाटेतली झाडं उन्हाळ्यात जशी दिसतात त्यावर जायचं नाही, गावातल्या जाणत्याला विचारायचं, 'श्रावणात इथून पलीकडचं देऊळ दिसतं का?'

अँटेना जुळवताना दोन टोकांच्या माणसांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि वाडीत तर फोनला रेंजच नव्हती. शाळेमागच्या एका खडकावर तेवढी एक काडी यायची. एक मुलगा फोन कानाला लावून खडकावर उभा राहिला, दुसरा पत्र्यावर माझ्या शेजारी. ग्रामपंचायतीतला आमचा सहकारी फोनवर सांगणार, खडकावरचा ते ओरडून आमच्याकडे पोचवणार, आणि माझा मोजणीचा आकडा उलट वाटेने जाणार. मी डिश केसभर फिरवायची आणि पडद्याकडे बघायचं. उणे ८१. उणे ७९. उणे ७५. मग ७७, पुन्हा ८०.

"ताई, मघाशी पंच्याहत्तरला चांगलं होतं की! तिथंच आवळूया," पत्र्यावरचा मुलगा म्हणाला.

"थांब. तो डिशचा बाजूचा लहान झोत असू शकतो. पहिल्या चढावर थांबायचं नाही."

डिश तशीच पुढे नेली. ८५ पर्यंत पडलं, पोराचा चेहराही पडला. आणि मग चढू लागलं: ७४, ६९, ६३, ५९. सिग्नलच्या या मोजपट्टीवर दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक, त्यामुळे ७५ आणि ५९ यांत चाळीसपट अंतर होतं. नटबोल्ट आवळले. शाळेच्या संगणकावर पान उघडलं तेव्हा गुरुजींनी आधी काय बघावं, तर वाडीचे सातबारे! निम्मी वाडी खिडकीशी जमली होती. ज्या कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागे तो त्यांच्या शाळेच्या पडद्यावर होता.

या पुणे जिल्ह्याला अशा दिशेने नेमलेल्या लहरींची ओळख फार जुनी आहे. १९२७ मध्ये खडकी आणि दौंड इथल्या बीम वायरलेस केंद्रांतून थेट इंग्लंडशी तारायंत्राचे संदेश जाऊ-येऊ लागले, एका ठिकाणाहून पाठवायचे आणि दुसऱ्या ठिकाणी घ्यायचे. तेव्हा त्यासाठी अजस्र मनोरे उभारले होते. आज परातीएवढी डिश एका वाडीला जगाशी जोडते, आणि ती वाडीतलीच मुलं उभी करू शकतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पुढचा प्रश्न तंत्राचा नव्हता. संध्याकाळी शाळेच्या भिंतीपाशी सगळ्या वाडीचे फोन जमू लागले, व्हिडिओ चालू झाले, आणि महिन्याचा डेटा अर्ध्यातच संपून गुरुजींच्या आणि आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या कामाला नेट उरेना. गुरुजींनी पासवर्ड बदलून टाकावा असं काहींनी सुचवलं. आशाताईंनी ते मानलं नाही. "नेट सगळ्यांसाठी म्हणून पोरांनी पोल वाहून आणलाय. आता दार लावून कसं चालेल?" असं त्या वाडीच्या बैठकीत म्हणाल्या. मग ठरलं ते असं: शाळेच्या वेळात नेट शाळेचं आणि आरोग्याचं, संध्याकाळी सगळ्यांना, पण माणशी मर्यादा, आणि दर घराने महिन्याला थोडी वर्गणी द्यायची. ती वर्गणी सोलरच्या बॅटरीला आणि विजांपासून बचाव करणाऱ्या अर्थिंगला लागते, कारण वळिवाच्या एका दणक्यात स्विच जळून जातो. मी ते नियम राउटरमध्ये बसवून दिले. नियम वाडीने केले होते, म्हणून ते टिकले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा त्या वाडीतली मुलं शाळेच्या आवारात अंतर ठेवून बसली आणि अभ्यास चालू राहिला. तेव्हा त्या बैठकीची किंमत मला पुरती कळली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यानुसार किराणा दुकानदारही कुठलाही परवाना न काढता, नोंदणी शुल्क न भरता आपल्या दुकानातून वायफाय विकू शकतो. योजना चांगली आहे. पण नुसती परवान्याची अट काढून टाकल्याने ती रुजत नाही. त्या दुकानापाशी कोण, किती, कशाला वापरणार आणि बिघडलं तर कोण बघणार, हे ठरवणारी माणसं तिथे लागतात.

आता माझ्या हाताखाली नवीन मुलं-मुली शिकतात. त्यांना मी राउटर उघडायच्या आधी ग्राहकाला विचारायचे प्रश्न शिकवते. इथे काम कुठे बसून करायचं आहे? हे नेट कोणाकोणाचं आहे? आणि कोणी बाहेरचा आला तर त्याला किती द्यायचं? या प्रश्नांची उत्तरं घेतल्यावर कुठला राउटर, किती पॉइंट, कुठलं चॅनेल हे जवळजवळ आपोआप ठरतं. सोसायट्यांना मी आग्रहाने सांगते, की वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत पार्किंगबरोबर चॅनेलचाही विषय घ्या. तीन चॅनेल मजल्यांत वाटून घ्यायला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही. तार काढली की तिने मुकाट्याने केलेलं सगळं काम माणसांवर येतं: कोण आत, कोण बाहेर, कोणाची पाळी आधी, टोकाच्या माणसाला किती. ज्या घराने, वसतिगृहाने किंवा वाडीने ते काम आपलं मानलं, तिथे साध्या उपकरणांवरही नेट उत्तम चालतं. ज्यांनी मानलं नाही, त्यांना सर्वांत महागडा राउटर बसवून दिला तरी पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन येतो.